वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : ऑटोफॅजीचा प्रकल्प आणि तो करणारे विद्यार्थी

जीवशास्त्र शाखेच्या पदव्युत्तर वर्गांत सध्या प्रकल्प-प्रबंधांची घाई आहे आणि त्याचे प्रतिबिंब या वेळी नाशिक शहर व जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत स्पष्ट दिसते. काही पत्रे ऑटोफॅजीच्या प्रयोगांविषयी आहेत. पेशी आपलेच जुने आणि बिघडलेले घटक दुहेरी पटलाच्या पिशवीत गुंडाळून लयकारिकांकडे, म्हणजेच लायसोझोमकडे, पचनासाठी पाठवते, त्या प्रक्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. उरलेली पत्रे प्रयोग करणाऱ्या मुलामुलींविषयी आहेत. ती बाजूला ठेवून केवळ तांत्रिक उत्तरे छापणे आम्हाला योग्य वाटले नाही. पत्रलेखकांची नावे आणि महाविद्यालये मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गुळवेलीच्या अर्काचा हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्कपेशींवर) होणारा परिणाम हा माझा विषय आहे. २४ तासांनंतर वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने जेलमध्ये वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत) एलसी३-टू या प्रथिनाचा बँड कंट्रोलपेक्षा, म्हणजे अर्क न दिलेल्या पेशींपेक्षा, बराच ठळक आला, म्हणून ‘अर्कामुळे ऑटोफॅजी वाढते’ असा निष्कर्ष मी लिहिला. सादरीकरणाच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘वाढली की तुंबली?’ एवढेच विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. प्रबंध जमा करायला दीड महिना आहे. आता काय करावे? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : परीक्षकांनी विचारलेला प्रश्न हा या विषयातला पहिलाच प्रश्न आहे आणि प्रकाशित झालेल्या अनेक शोधनिबंधांनाही तो अडचणीत आणतो, तेव्हा तो मनाला लावून घेऊ नये. एलसी३ हे प्रथिन पेशीद्रवात सुटे असते तेव्हा त्याला एलसी३-वन म्हणतात. ऑटोफॅजी सुरू झाली की त्याला फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाईन हा मेद जोडला जातो आणि ते तयार होणाऱ्या पिशवीच्या पटलावर जाऊन बसते; हेच एलसी३-टू. पिशवी लायसोझोममध्ये मिसळली की आतल्या बाजूचे एलसी३-टू इतर मालाबरोबर पचून जाते. त्यामुळे बँड ठळक होण्याची कारणे दोन असू शकतात : एकतर नव्या पिशव्या अधिक बनत आहेत, किंवा पिशव्या नेहमीइतक्याच बनत असून पुढचे पचन थांबले आहे. सिंहस्थात पंचवटीतला एखादा चौक माणसांनी भरलेला दिसला तर भाविक जास्त आले असतील, किंवा पुढे बॅरिकेड लावले असेल. चौकाच्या एका छायाचित्रावरून ते ठरत नाही. तुमचा २४ तासांचा एकच ब्लॉट हे असेच एक छायाचित्र आहे.

यावरचा उपाय असा की पचनाचा मार्ग आपण स्वतःच बंद करायचा आणि मग किती माल साचतो ते पाहायचे. बॅफिलोमायसिन ए१ हे द्रव्य लायसोझोममध्ये आम्लता राखणारा प्रोटॉनचा पंप बंद पाडते. तुम्हाला किमान चार सॅम्पल लागतील : साध्या पेशी, केवळ अर्क दिलेल्या, केवळ बॅफिलोमायसिन दिलेल्या आणि दोन्ही दिलेल्या. बॅफिलोमायसिन साधारणपणे १०० नॅनोमोलर मात्रेत शेवटचे २ ते ४ तास देतात. ते २४ तास ठेवले तर पेशी इतर कारणांनीच आजारी पडतात आणि निष्कर्ष गढूळ होतो. केवळ बॅफिलोमायसिनपेक्षा ‘अर्क अधिक बॅफिलोमायसिन’ या सॅम्पलमध्ये एलसी३-टू ठळकपणे जास्त आले, तर नव्या पिशव्या खरोखर जास्त बनत आहेत असे म्हणता येईल. दोन्ही बँड सारखेच आले, तर अर्कानेच पुढचा मार्ग अडवला असण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी लागेल. वनस्पतींच्या अर्कांत असे निघाले तर त्यात नवल नाही, आणि तोही तितकाच चांगला निष्कर्ष आहे. बॅफिलोमायसिन महाग पडत असेल तर क्लोरोक्विन वापरता येते. मात्र ते मुख्यतः पिशवी आणि लायसोझोमचे मीलन अडवते आणि त्याचे गॉल्जी पिंडासह पेशीतील इतर भागांवरही परिणाम होतात, हे प्रबंधात नोंदवावे.

याच्या जोडीला पी६२ हे प्रथिन पाहावे. ते पचवायच्या मालाला एलसी३शी जोडते आणि त्याच्याबरोबर स्वतःही पचते, म्हणून प्रवाह, म्हणजे पिशवी बनण्यापासून पचनापर्यंतचा ओघ, सुरळीत असेल तर ते घटते आणि तुंबला तर साचते. येथे एक सावधगिरी बाळगावी. ताणाखाली असलेली पेशी पी६२ नव्याने बनवू लागते, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर निकाल देऊ नये. ज्यात ऑटोफॅजी नक्की वाढते असे एक सॅम्पलही ठेवावे. त्यासाठी पेशी दोन तास अमिनो आम्ले व सीरम नसलेल्या अर्ल्सच्या क्षारद्रावणात ठेवणे हा स्वस्त मार्ग आहे. अर्क ज्या द्रावकात विरघळवला तो द्रावक तेवढ्याच प्रमाणात कंट्रोललाही द्यावा. हे सांगण्याची गरज वाटते, कारण प्रबंधांत नेमके हेच सुटलेले दिसते.

ब्लॉटविषयीही चार शब्द लिहितो, कारण तुमचा पुढचा वेळ तिथेच जाणार आहे. एलसी३-टू मेद जोडल्यामुळे प्रत्यक्षात थोडे जड असते, तरी जेलमध्ये ते एलसी३-वनच्या खाली, साधारण १४ ते १६ किलोडाल्टनजवळ दिसते. वरचा बँड टू समजून मोजणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. जेल १२ ते १५ टक्क्यांचे घ्यावे. जेलमधली प्रथिने ज्यावर उतरवतात ते मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचे पीव्हीडीएफ घ्यावे, कारण ०.४५ मायक्रॉनच्या छिद्रांतून एवढे लहान प्रथिन आरपार निघून जाऊ शकते आणि मग दोष अँटिबॉडीला दिला जातो. सॅम्पल पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एलसी३-टूची तुलना अ‍ॅक्टिनसारख्या लोडिंग कंट्रोलशी (सर्व सॅम्पलमध्ये सारखेच असणाऱ्या प्रथिनाशी) करावी, एलसी३-वनशी नव्हे. वन हे अस्थिर असते आणि अँटिबॉडी दोन्ही रूपांना सारख्याच जोमाने पकडत नाही.

फ्लोरोसन्स मायक्रोस्कोप मिळत असेल तर लाल आणि हिरवे अशी दोन रंगद्रव्ये जोडलेले एलसी३ पेशीत घालण्याची पद्धत उपयोगी आहे. आम्लात हिरवा रंग विझतो आणि लाल टिकतो, म्हणून लायसोझोमला न मिळालेल्या पिशव्या पिवळ्या आणि मिळालेल्या लाल दिसतात. हिरव्या अर्कांतील क्लोरोफिल स्वतःच लाल चमकते, हे मात्र ध्यानात असू द्यावे. मोनोडॅन्सिलकॅडॅव्हेरिन किंवा अ‍ॅक्रिडिन ऑरेंज यांसारखे रंग आम्लधर्मी कप्पे दाखवतात, ऑटोफॅजी नव्हे. त्यांच्यावर आधारलेले छायाचित्र मुखपृष्ठाला शोभते, निष्कर्षाला नाही. या क्षेत्रातील असंख्य संशोधकांनी मिळून कोणती चाचणी कशी वाचावी याची मार्गदर्शक तत्त्वे २००८ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यांची चौथी आवृत्ती २०२१ मध्ये आली. ती विनामूल्य वाचता येते. तुमच्या गाईडनाही दाखवा.

दीड महिन्यात हे सगळे होणार नाही. चार सॅम्पलांचा एलसी३ आणि पी६२चा ब्लॉट स्वतंत्रपणे तीनदा करणे मात्र शक्य आहे. तेही जमले नाही तर निष्कर्षाचे वाक्य बदला : ‘अर्कामुळे एलसी३-टूचे प्रमाण वाढते, हे प्रवाह वाढल्यामुळे की अडल्यामुळे, याची तपासणी व्हायची आहे.’ असे लिहिल्याने गुण कमी करणारा परीक्षक विरळा.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात टिश्यू कल्चरची सोय नाही आणि फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपही नाही. तृतीय वर्ष बी.एस्सी.च्या मुलांना ऑटोफॅजी प्रत्यक्ष दाखवता येईल का? (प्राध्यापिका, निफाड तालुका)

उत्तर : येईल, आणि ज्या प्रयोगामुळे हे क्षेत्र खुले झाले त्याच धाटणीने येईल. लायसोझोम शोधणारे क्रिस्तियान द ड्यूव्ह यांनी १९६३ मध्ये ऑटोफॅजी हे नाव दिले खरे, परंतु ही प्रक्रिया कोणत्या जनुकांवर चालते हे पुढे कित्येक वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी १९८८ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा सुरू केली आणि यीस्टची रिक्तिका हा फारशी गर्दी नसलेला विषय निवडला. यीस्टमध्ये लायसोझोमचे काम रिक्तिका करते आणि ती साध्या मायक्रोस्कोपखाली दिसण्याइतकी मोठी असते. रिक्तिकेतील प्रथिने पचवणारी विकरे (एन्झाइम) नसलेले यीस्ट त्यांनी उपाशी ठेवले, तेव्हा काही तासांत रिक्तिका गोल कणांनी भरून गेली. पचन होत नसल्यामुळे आत आलेला माल साचून राहिला होता. हे निरीक्षण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे जनुकांच्या शोधाकडे घेऊन गेले. २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले. वरच्या उत्तरातील बॅफिलोमायसिनमागचा विचारही हाच आहे, हे मुलांना जरूर दाखवावे.

आपल्याला उत्परिवर्तित यीस्ट मिळाले नाही तरी चालेल. साधे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम या संग्रहातून मागवता येते. ते ३० अंश सेल्सिअसला भरपूर पोषक माध्यमात वाढवावे, सेंट्रिफ्यूज करून धुवावे आणि नायट्रोजनचा कोणताही स्रोत नसलेल्या, पण २ टक्के ग्लुकोज असलेल्या माध्यमात हलवावे. विकरे रोखण्यासाठी पीएमएसएफ हे द्रव्य १ मिलिमोलर मात्रेत घालावे. ३ ते ४ तासांनी १००च्या ऑइल इमर्शन भिंगाखाली, शक्य तर फेज कॉन्ट्रास्टने पाहावे. रिक्तिकेच्या स्वच्छ गोलात साधारण अर्ध्या मायक्रोमीटरचे कण भराभर थरथरताना दिसतात. ती हालचाल पाहून मुले हरखून जातात, आणि मग ती सजीव हालचाल नसून ब्राउनियन, म्हणजे द्रवाच्या रेणूंच्या धक्क्यांमुळे होणारी, आहे हे सांगायला चांगली संधी मिळते. पीएमएसएफ न घातलेले उपाशी यीस्ट आणि पीएमएसएफ घातलेले पण पोटभर असलेले यीस्ट, असे दोन कंट्रोल ठेवावेत. पीएमएसएफ विषारी आहे आणि पाण्यात लवकर निकामी होते; त्याचे अल्कोहोलमधील द्रावण हातमोजे घालून आपण स्वतः बनवावे, मुलांच्या हाती भुकटीची बाटली देऊ नये.

आपला तालुका द्राक्षांचा असल्याने आणखी एक सुचवतो. स्पार्कलिंग वाइनच्या बाटलीत दुसऱ्या किण्वनानंतर उपाशी पडलेल्या यीस्टमध्येही ऑटोफॅजी आढळली आहे. परिसरातील एखाद्या वाइनरीकडून तळाचा गाळ मिळाला, तर मुलांचा एक छोटा प्रकल्प सहज होईल.

प्रश्न : आमच्या वर्गातला एक मुलगा गावाकडून येऊन पंचवटीत खोली घेऊन राहतो. त्याचे सेल कल्चर दोनदा दूषित झाले. शिष्यवृत्ती अडकली आहे, मेसचे पैसे थकले आहेत. दोन आठवड्यांपासून तो लॅबमध्ये येत नाही. परवा त्याने आपली सगळी नोटबुके एका मैत्रिणीला देऊन टाकली, ‘मला आता लागणार नाहीत’ म्हणाला आणि वर्गाच्या ग्रुपमधून बाहेर पडला. ग्रुपवर साठ जण आहेत. सगळ्यांनी ‘स्ट्राँग राहा’ असे लिहिले, पण तो ते वाचणार कसे? त्याने मला कोणाला काही सांगू नकोस असे बजावले आहे. मी काय करू? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : हे पत्र अंकाची वाट पाहण्याजोगे नव्हते, म्हणून पत्रलेखिकेला आम्ही त्याच दिवशी फोनवर सांगितले. तेच इतरांच्या उपयोगासाठी येथे देत आहोत.

आजच, दोघांनी मिळून, त्याच्या खोलीवर जा. जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, ‘आता लागणार नाही’ असे म्हणणे आणि सगळ्यांपासून तुटणे ही एकत्र आलेली लक्षणे धोक्याची आहेत. थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या की सरळ विचारा : ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ असे विचारल्याने तो विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेकांना कोणीतरी ऐकून घेत असल्याचे बरे वाटते. उत्तर ऐकताना आईवडिलांची आठवण करून देऊ नका, उपदेश करू नका आणि स्वतःच्या अडचणींशी तुलना करू नका. उत्तर ‘हो’ आले किंवा टाळाटाळ झाली तर त्याला एकटे सोडू नका, इजा होऊ शकेल अशा वस्तू खोलीतून हलवा आणि त्याच्यासमोरच १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. धोका तातडीचा वाटला तर ११२ ला फोन करा किंवा त्याला सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

गुपित ठेवण्याचे वचन येथे पाळू नये. त्याला सांगून टाका : ‘मी हे सगळ्यांना सांगणार नाही, पण मदत करू शकेल अशा एका माणसाला सांगणार आहे.’ तो माणूस तुमचा समुपदेशक, गाईड किंवा त्याच्या घरचे कोणी विश्वासाचे असू शकते. पोलिसांच्या लचांडाची भीती अनेक मुलांना गप्प ठेवते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तीव्र तणावाखाली असल्याचे मानले जाते आणि तिला त्यासाठी शिक्षा होत नाही. उलट तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे.

साठ जणांच्या ग्रुपचा उपयोग यानंतर होईल, पण कामे वाटून दिली तरच. एकाने मेसमालकाशी बोलून पंधरा दिवसांची मुदत घ्यावी. एकाने शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडकला आहे ते कार्यालयात जाऊन पाहावे. ज्यांचे कल्चर चांगले आहे त्यांनी लिक्विड नायट्रोजनमधली गोठवलेल्या पेशींची एक व्हायल (छोटी कुपी) त्याच्यासाठी काढावी आणि ती जिवंत करताना त्याच्या शेजारी उभे राहावे. दोनदा दूषित झालेल्या कल्चरचे कारण बहुधा इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये, एखाद्या उघड्या राहिलेल्या मीडियाच्या बाटलीत किंवा मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूत असते. त्याच्या लायकीत नसते, आणि हे त्याला त्याच्या गाईडनी स्वतः सांगितले तर त्याचे वजन वेगळे पडेल. गाईडकडे मुदतवाढीचा विषय तुम्हीच काढा. त्याच्यात सध्या ते बळ नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा ‘मित्र गट’ मोठ्या उत्साहात सुरू झाला होता. आता मोजकेच स्वयंसेवक उरले आहेत. रात्री-अपरात्री फोन येतात, मुले स्वतःच खचली आहेत आणि त्यांतील एकीने परीक्षा बुडवली. गट बंद करावा का? (समन्वयक प्राध्यापक, कॉलेज रोड)

उत्तर : बंद करू नये, पण आज चालतो तसा एक दिवसही चालू ठेवू नये. वीस वर्षांच्या मुलीच्या वैयक्तिक फोनवर रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी येणे हा स्वयंसेवेचा भाग नव्हे. ही संस्थेने आपले काम मुलांवर ढकलल्याची खूण आहे, आणि हे आपल्या एकाच महाविद्यालयाबद्दल म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत दिलेल्या निर्देशांनुसार, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडायचा आहे. अध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचे आहे आणि टेली-मानसचा क्रमांक वसतिगृहांत व वर्गांत ठळक लावायचा आहे. प्राचार्यांकडे जाताना या निर्देशांची प्रत सोबत न्यावी. विनंतीपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

समुपदेशक आल्यावर गटाचे काम तीन गोष्टींपुरते ठेवा : ओळखणे, सोबत बसणे, आणि समुपदेशकाच्या दारापर्यंत पोहोचवणे. स्वयंसेवकांनी सल्ला देऊ नये. वैयक्तिक क्रमांक कोणालाही देऊ नयेत. गटाचा एकच फोन असावा, तो रात्री नऊला बंद व्हावा आणि त्यानंतर १४४१६ लावा असा संदेश ऐकू यावा. प्रत्येक पाळीत दोघे असावेत, परीक्षेच्या काळात एकही पाळी नसावी आणि आठवड्यातून एकदा समुपदेशकाने स्वयंसेवकांचेच ऐकून घ्यावे. परिसरात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुले क्षेत्रकार्यासाठी जागा शोधत असतात, त्यांना जोडून घेता येईल. मात्र समुपदेशकाऐवजी नव्हे.

अहवालाबाबतही बोलले पाहिजे. ‘वर्षभरात इतक्या विद्यार्थ्यांनी संपर्क साधला’ हा आकडा सभेत वाचायला बरा वाटतो, पण तो वाढला म्हणजे काम चांगले चालले की मुले ठिकठिकाणी अडकून पुन्हा पुन्हा फोन करत आहेत, हे त्यातून कळत नाही. नावे न लिहिता एवढेच नोंदवा : विद्यार्थी पहिल्यांदा बोलला कधी, समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटला कधी, आणि दुसऱ्या भेटीला आला का. मधले दिवस जिथे वाढलेले दिसतील तिथे काय अडले ते शोधा. बहुधा कारण साधे निघते : समुपदेशकाची वेळ आणि प्रॅक्टिकलची वेळ एकच असते, किंवा त्यांची खोली कार्यालयाच्या समोर असल्यामुळे आत जाताना सगळे पाहतात.

प्रश्न : माझी रूममेट ‘ऑटोफॅजीसाठी’ म्हणून दिवसातून एकदाच जेवते, आठवड्यातून दोन दिवस काहीच खात नाही. नोबेल मिळालेले संशोधन आहे म्हणते. हे खरे आहे का? (मुलींचे वसतिगृह, नाशिक)

उत्तर : नोबेल यीस्टमधील यंत्रणेच्या शोधाला मिळाले, उपवासाच्या कोणत्याही वेळापत्रकाला नाही. उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या यकृतात ऑटोफॅजी वाढते हे खरे आहे. पण उंदराचा एक दिवसाचा उपास आणि माणसाचा एक दिवसाचा उपास यांचे माप एक नसते, आणि माणसाच्या यकृतात किंवा मेंदूत ऑटोफॅजी किती चालली आहे हे सांगणारी साधी रक्तचाचणी नाही. त्यामुळे किती तास उपाशी राहिल्यावर ती ‘सुरू होते’ असे ठामपणे सांगणाऱ्या व्हिडिओंकडे दुर्लक्ष करावे. एकादशी करणाऱ्या आजीला आम्ही काही म्हणणार नाही. तिच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी असते.

तुमच्या रूममेटकडे मात्र लक्ष द्या. वजन झपाट्याने उतरत असेल, चक्कर येत असेल, पाळी चुकत असेल, सगळ्यांसोबत जेवायला बसणे ती टाळत असेल किंवा एखाद्या दिवशी पोटभर खाल्ल्यावर तिला अपराधी वाटत असेल, तर वाद घालून तिला विज्ञान पटवत बसू नका. तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा, आणि समुपदेशकांची वेळही त्याच आठवड्यात घ्या.